कळसूत्री बाहुली खोटं बोलते तेव्हा



या मालिकेत आजवर आपण नकाशा कसा वाचावा, होकायंत्राशिवाय दिशा कशी ओळखावी, साठीनंतर गुडघे कसे सांभाळावेत असे विषय घेतले. आजचा विषय ऐकून आमच्या महाराष्ट्र मंडळातली मित्रमंडळी आधीच हसून घेतली आहेत. एक जण म्हणाला, "कर्नल, फौजेतून निवृत्त झालात आणि आता बाहुल्या खेळता?" मी म्हटलं, "हो. आणि हरतोही."

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे 2025 च्या मे महिन्यात, माझी नात बारावीची परीक्षा देऊन रायपूरला आली. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी दहानंतर रस्त्यावर लू वाहते, कूलरचं पाणी तासातासाला भरावं लागतं आणि दुपारी बोरे-बासी, कांदा आणि लोणचं यापलीकडे काही खावंसं वाटत नाही. अशा दुपारी नातीने टीव्हीला आपला खेळाचा डबा जोडला आणि म्हणाली, "आबा, हा पिनोकिओचा खेळ आहे. बघा जमतोय का."

पिनोकिओ म्हटल्यावर मला वाटलं, लहान मुलांचं काही असेल. अकरा मिनिटांत मी सहा वेळा मेलो.

तो खेळ म्हणजे 'लाइज ऑफ पी'. आज तो समजावून सांगणार आहे. खेळाचं तंत्र तर सांगेनच, पण हा भाग मी करतोय तो त्या खेळात विचारलेल्या एका प्रश्नासाठी. त्या प्रश्नाने आमच्या घरातली दोन वर्षं झाकून ठेवलेली एक गोष्ट बाहेर काढली. ती शेवटी सांगतो.

मूळ गोष्ट वाटते तेवढी गोड नाही

पिनोकिओ आपल्यापैकी बहुतेकांना डिस्नेच्या 1940 च्या चित्रपटातून माहीत आहे. मूळ गोष्ट इटलीतली. लेखकाचं खरं नाव कार्लो लोरेन्झिनी, जन्म 1826, फ्लॉरेन्सचा. 'कोलोदी' हे त्याने आईच्या गावावरून घेतलेलं टोपणनाव. मला जवळची वाटलेली गोष्ट अशी, की हा माणूस स्वतः शिपाईगडी होता. इटलीच्या स्वातंत्र्याच्या लढ्यात तो 1848 मध्ये आणि पुन्हा 1859 मध्ये स्वयंसेवक म्हणून गेला होता.

1881 च्या जुलैत रोमच्या एका मुलांच्या साप्ताहिकात ही कथा क्रमशः छापून येऊ लागली. पंधराव्या प्रकरणात कोलोदीने पिनोकिओला ओकच्या झाडाला फाशी दिलं आणि कथा संपवली! वाचक मुलांनी मागणी लावून धरली, तेव्हा काही महिन्यांनी त्याने बाहुल्याला पुन्हा जिवंत केलं आणि कथा 1883 च्या सुरुवातीपर्यंत नेली. त्याच वर्षी पुस्तक निघालं. डिस्नेच्या चित्रपटात पिनोकिओला सतत सल्ला देणारा जो गोड टोळ आहे, त्याला मूळ पुस्तकात पिनोकिओ रागाच्या भरात हातोडा फेकून मारतो. म्हणजे मूळ गोष्टीत भूक आहे, थंडी आहे, मरण आहे, आणि चुका केल्याशिवाय शहाणपण येत नाही हा कडक धडा आहे.

दक्षिण कोरियातल्या राउंड एट स्टुडिओने ही गोष्ट उचलली आणि निओविझ कंपनीने सप्टेंबर 2023 मध्ये खेळ बाजारात आणला. त्यांनी डिस्नेचा गोडवा बाजूला ठेवून कोलोदीचा अंधार घेतला. खेळातलं क्रॅट नावाचं शहर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या युरोपसारखं आहे. गॅसचे दिवे, ट्राम, मोठी हॉटेलं. तिथली सगळी कामं यांत्रिक बाहुल्या करतात. स्वयंपाक, झाडलोट, पहारा, सगळं. एके रात्री या बाहुल्या बिथरतात आणि माणसांना मारत सुटतात. त्यातच शरीर हळूहळू दगड होत जाण्याची साथ पसरलेली. अशा शहराच्या रेल्वे स्थानकात, एका बंद डब्यात, एक बाहुला डोळे उघडतो. तो जेपेटोने घडवलेला. तो म्हणजे आपण.

आपल्याकडे यासाठी 'कळसूत्री' हा किती नेमका शब्द आहे बघा. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या लोकांनी कळसूत्री बाहुल्यांची कला पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या बाहुल्या रामायण सांगतात, पण दोरी वरच्या माणसाच्या हातात. म्हणूनच ज्याला स्वतःचं मत नाही, दुसऱ्याच्या इशाऱ्यावर जो हलतो, त्याला आपण कळसूत्री बाहुली म्हणतो. हा खेळ त्या दोरीबद्दल आहे.

खेळ इतका कठीण का?

अशा खेळांचं एक घराणं आहे. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीच्या 'डीमन्स सोल्स' (2009) आणि 'डार्क सोल्स' (2011) या खेळांपासून ते सुरू झालं. या घराण्याचे नियम थोडक्यात सांगतो.

पहिला नियम: शत्रूंना मारून एक द्रव्य मिळतं. या खेळात त्याला 'अर्गो' म्हणतात. तेच चलन, त्यावरच ताकद वाढवायची. तुम्ही मेलात की जवळचं सगळं अर्गो तिथेच पडतं. परत चालत जाऊन ते उचलता येतं, पण वाटेत पुन्हा मेलात तर गेलं ते गेलं.

दुसरा नियम: मेल्यावर तुम्ही मागच्या विसाव्यावर उठता. या विसाव्यांना 'स्टारगेझर' म्हणतात. तिथे विसावा घेतला की तुमची जखम भरते, पण वाटेतले मारलेले बहुतेक शत्रूही पुन्हा उभे राहतात. विक्रम आणि वेताळाची गोष्ट आठवा. राजा बोलला की प्रेत परत झाडावर, आणि राजाची पायपीट पुन्हा पहिल्यापासून. फरक एवढाच की इथे वेताळ शहाणपणाचा प्रश्न विचारत नाही, डोक्यात हातोडा घालतो.

तिसरा नियम बचावाचा, आणि तो या खेळाचा प्राण आहे. शत्रूचा वार तुमच्या शस्त्राला भिडतो, नेमक्या त्या क्षणी बचावाचं बटण दाबलं तर तुमचं काहीच नुकसान होत नाही आणि उलट शत्रूचा तोल ढळत जातो. असं पुन्हा पुन्हा जमलं तर त्याचं शस्त्रही मोडू शकतं. बटण आधीच दाबून धरलं तर वार अडतो, पण रक्त थोडं जातं. मात्र लगेच उलट वार केलात तर ते गेलेलं रक्त परत मिळतं. म्हणजे बचाव केला आणि घाबरून मागे सरकलात तर तोटा. बचाव केला आणि पुढे गेलात तर भरपाई. पायदळाच्या कोणत्याही सुभेदाराला हे पटेल.

चौथा नियम: शत्रू लाल चमकला की त्याचा पुढचा वार साध्या बचावाने अडत नाही. एक तर नेमक्या क्षणी अडवा, नाहीतर त्याच्या टप्प्याबाहेर जा.

याशिवाय शस्त्राची धार झिजते आणि ती लढाई चालू असताना घासून घ्यावी लागते. औषधाच्या कुप्या मोजक्या. त्या संपल्या की शत्रूवर वार करत राहिल्याने एक कुपी पुन्हा भरते. शस्त्रांचं पातं आणि मूठ वेगळी करून एकाचं पातं दुसऱ्याच्या मुठीला लावता येतं. मी जड पात्याला लांब दांडा लावला. वयाला अंतर बरं.

सदुसष्टाव्या वर्षी हात चालतो का?

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. खरं उत्तर देतो. चालतो, पण हळू.

डोळ्यांना इशारा दिसल्यापासून बोट हलेपर्यंत तरुण माणसालाही साधारण पाव सेकंद लागतो. वयाबरोबर तो वेळ वाढतो. त्यामुळे वार दिसल्यावर बटण दाबू म्हणाल तर तुम्ही कायमच उशिरा पोहोचणार. क्रिकेटमध्ये ताशी 140 किलोमीटरने आलेला चेंडू फलंदाजाकडे अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. फलंदाज चेंडू बघून खेळतो असं आपण म्हणतो, पण तो गोलंदाजाचा हात, मनगट, पावलं वाचून आधीच निम्मा निर्णय घेऊन बसलेला असतो. इथेही तेच. चपळाईपेक्षा ओळख महत्त्वाची, आणि ओळख वाढवायला वयाची आडकाठी नाही.

पहिला मोठा शत्रू आहे परेड मास्टर. नाव वाचून मला हसू आलं. आयुष्यभर परेड केली आणि आता परेडच अंगावर आली! हा एक प्रचंड बाहुला. अर्धा मार खाल्ला की तो स्वतःचं मुंडकं उपटतो आणि त्याचाच सोटा करून तुम्हाला झोडपतो. मी त्याच्याकडून तीस वेळा मेलो. माझ्या वहीत नोंद आहे.

वही नातीला विचित्र वाटली. पण फौजेत प्रत्येक कारवाईनंतर आम्ही बसून तीन प्रश्न विचारायचो: काय ठरवलं होतं, काय घडलं, फरक का पडला. मी प्रत्येक मरणानंतर एक ओळ लिहू लागलो. "उजवा हात वर गेला, मी लवकर दाबलं." "तीन वारांनंतर थांबतो, मी चौथ्याची वाट पाहिली." "हाव सुटली, एक वार जास्त मारला." पंधरा ओळी झाल्यावर मला दिसलं की निम्म्याहून जास्त वेळा कारण एकच होतं: हाव. शत्रूची थोडीशीच ताकद उरली की मी बचाव सोडून तुटून पडायचो आणि मरायचो.

मग मी मोजायला लागलो. रंगरूटाला कवायत शिकवताना हालचालींच्या मध्ये 'एक, दो-तीन, एक' अशी गिनती मोठ्याने म्हणायला लावतात. आमच्या दिवाणखान्यात भर दुपारी मी तशी गिनती ओरडत बटणं दाबत होतो. शेजारच्या भैयांनी कुंपणावरून विचारलं, "कर्नल साहब, सब ठीक है ना?" एकतिसाव्या वेळी तो बाहुला पडला. त्याच क्षणी वीज गेली असती तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. सुदैवाने ती दहा मिनिटांनी गेली.

चौथं कलम

आता गाभ्याकडे येतो.

क्रॅटच्या बाहुल्यांना एका करारात बांधलेलं आहे. त्याची कलमं चार. निर्मात्याची आज्ञा पाळायची. माणसाला इजा करायची नाही. माणसांचं आणि शहराचं रक्षण करायचं, सेवा करायची. आणि चौथं, खोटं बोलायचं नाही.

पण आपला बाहुला वेगळा आहे. त्याला खोटं बोलता येतं. परेड मास्टरला पाडून तुम्ही हॉटेलच्या दाराशी येता तेव्हा दार विचारतं, तू माणूस की बाहुला? 'माणूस' म्हटल्यावर दार उघडतं. म्हणजे आसऱ्याची पहिली जागाच खोटं बोलून मिळते. तिथून पुढे खेळभर लोक तुम्हाला प्रश्न विचारतात आणि खरं की खोटं ते तुम्ही निवडायचं. आणि मूळ गोष्टीच्या अगदी उलट, खोट्याने या बाहुल्यात माणूसपण वाढत जातं. त्याचं नाक वाढत नाही. त्याचे केस वाढतात, आतल्या स्प्रिंगा थरथरल्याची सूचना येते, आणि गोष्टीचा शेवट कसा होईल हेही त्यावर अवलंबून राहतं. नाक वाढतं ते हॉटेलात टांगलेल्या एका चित्रातल्या मुलाचं!

हे मला सुरुवातीला पटलं नाही. मी नातीला लहानपणापासून 'खरं बोल, मग बाकीचं मी बघतो' असं सांगत आलेला माणूस. पण विचार केला तेव्हा त्यामागचा तर्क कळला. ज्याला आज्ञेबाहेर जाताच येत नाही त्याच्या खरेपणाला काय किंमत? वजनकाटाही खरं बोलतो. खोटं बोलण्याची मुभा असताना माणूस काय निवडतो, यावर त्याचं माणूसपण ठरतं.

खिडकीतली बाई

एका रस्त्यावर बंद खिडकीआडून एक बाई रडत असते. तिचं बाळ हरवलंय, ते शोधून आणायची ती विनवणी करते. पुढे तुम्हाला ते बाळ सापडतं. ती एक मोडकी बाहुली असते. तुम्ही ती नेऊन देता, आणि बाईला काय सांगायचं ते तुमच्यावर येतं. बाळ गोड आहे म्हणायचं, की ही बाहुली आहे म्हणायचं.

मी क्षणभरही न थांबता 'गोड आहे' निवडलं.

नात माझ्याकडे बघत राहिली. "आबा, तुम्ही? तुम्ही खोटं बोललात?"

मंडळी, ही गोष्ट मी माझ्या पत्नीलाही कधी सांगितली नव्हती. नव्वदच्या दशकात मी मेजर असताना, आमच्या गस्तीवर सुरुंग फुटला आणि एक जवान जबर जखमी झाला. विदर्भातला मुलगा, तेवीस वर्षांचा. ढग इतके खाली आले होते की हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. तो दोन तास जिवंत होता. पूर्ण शुद्धीत. शेवटपर्यंत वेदनेत.

दीड महिन्याने मी त्याच्या गावी गेलो. कुडाच्या भिंतीला टेकून त्याची आई बसली होती. तिने मला एकच विचारलं, "सायेब, त्याले लय तरास झाला का?"

मी म्हणालो, "नाही, माय. त्याला कळलंही नाही."

तिने मान हलवली. मग विचारलं, "तुमी होते ना त्याच्यापाशी?"

"होतो, माय." हे खरं होतं.

वरिष्ठांना दिलेल्या अहवालात मी दोन तासांची मिनिटं-मिनिटांची नोंद केली होती. तिथे एक अक्षर खोटं नव्हतं, कारण त्या नोंदीवरून पुढच्या गस्तीचा मार्ग ठरणार होता. पण आईच्या पुढ्यात ती नोंद वाचून काय होणार होतं? तिला त्यावरून काहीच ठरवायचं नव्हतं. फक्त आयुष्यभर वाहायचं होतं.

हे मी नातीला सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल की आबा, बरोबर केलंत. ती बराच वेळ गप्प बसली. मग हातातलं यंत्र खाली ठेवून म्हणाली, "मग आजीच्या वेळी फोनवर तुम्ही मला काय सांगत होतात?"

मार्च 2023. तिची दहावीची बोर्डाची परीक्षा चालू होती. इकडे तिची आजी आठ दिवस अतिदक्षता विभागात होती. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. नात रोज संध्याकाळी फोन करायची, आणि मी रोज सांगायचो, "आजी बरी आहे. तू पेपर दे." आजी शुद्धीवर असताना तिचं नाव घ्यायची. तिच्या आईवडिलांनाही मीच बजावलं होतं की पोरीला कळू द्यायचं नाही. शेवटचा पेपर झाला त्याच्या आदल्या रात्री आजी गेली. नातीला आम्ही सांगितलं, अचानक झालं.

आता ती समोर बसून विचारत होती, "अचानक झालं होतं का?"

खेळात अशा वेळी पडद्यावर दोन पर्याय येतात आणि विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. मला तेवढा मिळाला नाही. मी म्हणालो, "नाही. आठ दिवस आम्हाला माहीत होतं. ती तुझी आठवण काढत होती. तुला बोलवायचं नाही हे मी ठरवलं."

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "पेपर परत देता आला असता, आबा. मला विचारायला हवं होतं तुम्ही."

त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. मी एकटाच बुढा तलावाला दोन फेऱ्या मारून आलो. चालता चालता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही वेळा मी खोटं बोललो ते मायेपोटीच. पण त्या आईच्या हातात काही उरलं नव्हतं. तिच्यापासून मी फक्त वेदना लपवली. नातीच्या हातात अजून सगळं होतं. यायचं की पेपर द्यायचा, हे ठरवण्याचा हक्क तिचा होता. तो मी काढून घेतला. तिला वाचवतोय म्हणताना मी तिची दोरी हातात धरून बसलो होतो. जेपेटो मी झालो होतो आणि बाहुली ती.

मग खेळ काय शिकवतो?

इथे खेळातली एक उणीवही सांगतो. तो सगळ्या खोट्यांना एकाच तराजूत घालतो. दारवानाशी बोललेलं खोटं आणि रडणाऱ्या बाईशी बोललेलं खोटं, दोन्हीने माणूसपणच वाढतं. आपल्याकडची परंपरा याहून काटेकोर आहे. 'नरो वा कुंजरो वा' म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला, कारण ते अर्धसत्य लढाई जिंकण्यासाठी होतं आणि ज्याच्यापासून सत्य लपवलं त्या द्रोणांनी त्या शब्दावर शस्त्र खाली ठेवलं. त्यांच्या जीवनमरणाचा निर्णय त्या शब्दाने फिरवला.

म्हणून मी स्वतःपुरते आता दोन प्रश्न ठरवले आहेत. या खोट्याने माझा फायदा होतो का? आणि समोरच्याला जे ठरवायचं आहे ते मी परस्पर ठरवून टाकतोय का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तरच तोंड उघडायचं. आपल्या घरांत आजार, कर्ज, नोकरी गेल्याची गोष्ट मुलांपासून, म्हाताऱ्यांपासून लपवायची फार सवय आहे. 'त्यांना त्रास नको' असं म्हणतो आपण. एकदा दुसरा प्रश्न विचारून बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात चहाचे दोन कप घेऊन आली. म्हणाली, "चला. अजून अर्धं शहर राहिलंय." ती मला पूर्ण माफ करून मोकळी झाली असं मी म्हणणार नाही. पण आता ती आजीबद्दल विचारते, आणि मी जसं घडलं तसं सांगतो. कोणत्या दिवशी आजीने काय खाल्लं, कोणत्या नर्सशी भांडली, सगळं.

ज्यांना खेळून बघायचं आहे त्यांच्यासाठी

एक, हा लहान मुलांचा खेळ नाही. अमेरिकेत त्याला 17 वर्षांवरच्यांसाठी असा शिक्का आहे. रक्तपात आहे, भीती आहे. पिनोकिओ नाव बघून नातवंडांच्या हाती देऊ नका.

दोन, सुरुवातीला लढण्याच्या तीन पद्धतींपैकी एक निवडायला सांगतात. नवख्याने समतोल पद्धत घ्यावी.

तीन, आवाज चालू ठेवा. वाराआधीचा खडखडाट कानाला लवकर कळतो, आणि कानाचा निरोप बोटापर्यंत डोळ्याच्या निरोपापेक्षा किंचित लवकर पोहोचतो.

चार, मोठ्या लढाईआधी जवळचं अर्गो खर्च करून टाका. खिसा रिकामा असला की हात थरथरत नाही.

पाच, बोटं दुखतात, नजर कमी आहे, अशांनी संकोच न करता सोपी पातळी घ्यावी. जून 2025 मध्ये खेळाला 'ओव्हर्चर' हा नवा भाग जोडला गेला, त्याच वेळी कठीणपणाच्या तीन पातळ्याही आल्या. मी जुन्याच पातळीवर अडून बसलो, ते केवळ हट्टापायी. त्यात शौर्य काही नाही. जाणकार तीस-एक तासांत खेळ पुरा करतात. मला शंभराहून जास्त लागले.

आणि सहा, शक्य असेल तर कुणाला तरी शेजारी बसवून खेळा. कोणता पर्याय निवडलात हे बघणारं माणूस जवळ हवं. तेच तुम्हाला विचारेल, "तुम्ही असं का केलंत?" माझ्या बाबतीत ते कुणी विचारलं नसतं, तर आजही मी त्या आठ दिवसांना 'अचानक' म्हणत राहिलो असतो.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेवर येऊ. पावसाळ्यात डोंगरावर जाताना पाठपिशवी कशी भरावी, ते सांगेन.

जय हिंद.